जुनी जर्सी, जुना हंगाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका ऑनलाइन विक्रेत्याकडे नापोली या इटालियन फुटबॉल क्लबची निळी जर्सी दिसली. छातीवर ‘मार्स’, पाठीवर १० आणि त्यावर ‘मॅराडोना’ असं नाव. ही १९८७ च्या विजेतेपदाची ओरिजिनल आहे असं तो म्हणतो आणि साडेअकरा हजार मागतो. घ्यावी का? (एक वाचक, कोल्हापूर)

या किमतीला मुळीच घेऊ नका. विक्रेता सांगतो ते वर्ष आणि जर्सीवर दिसतं ते, यांचा मेळ बसत नाही. त्यासाठी कापड हातात घेण्याचीही गरज नाही.

मॅराडोना १९८४ मध्ये नापोलीत आला. त्या हंगामात छातीवर प्रायोजक म्हणून ‘चिरिओ’चं नाव होतं. १९८५ ते १९८८ ‘बुइतोनी’, आणि १९८८-८९ पासून ‘मार्स’. म्हणजे १९८६-८७ चं पहिलं विजेतेपद बुइतोनीच्या जर्सीत आलं आणि १९८९-९० चं दुसरं मार्सच्या. ‘१९८७ ची मार्स जर्सी’ असूच शकत नाही.

दुसरी खूण इटलीच्या झेंड्याच्या रंगांतल्या तिरंगी ढालीची, म्हणजे ‘स्कुदेत्तो’ची. इटलीत लीगचा विजेता संघ ही ढाल जिंकलेल्या हंगामात नाही, तर पुढच्या हंगामात मिरवतो. त्यामुळे बुइतोनी आणि ढाल एकत्र दिसली तर जर्सी १९८७-८८ ची. १९८७ मध्ये नापोलीने कोप्पा इटालिया हा इटलीचा कपही जिंकला होता, म्हणून त्या हंगामात ढालीच्या जोडीला गोल तिरंगी चिन्हही होतं. मार्स आणि ढाल असेल तर १९९०-९१, मॅराडोनाचा तिथला शेवटचा हंगाम. ढाल नसलेली मार्स जर्सी १९८८ ते १९९० मधली. तुमच्या विक्रेत्याला ढालीबद्दल विचारा. उत्तर काय येतं त्यावरून त्याला किती माहिती आहे ते कळेल.

तिसरी खूण निर्णायक आहे. सेरी आ, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, पाठीवर खेळाडूचं नाव आणि कायमचा क्रमांक आला तो १९९५-९६ मध्ये. त्याआधी सामन्याला उतरणारे अकरा जण १ ते ११ क्रमांक घालत. मॅराडोनाच्या पाठीवर नापोलीत लीगच्या सामन्यात नुसता १० असे. नाव छापलेली जर्सी नंतर चाहत्यांसाठी बनवलेली आहे. तशी आवडीने घालायला हरकत नाही, पण मग किंमतही चाहत्यांच्या जर्सीचीच द्यायची.

तरीही शंका उरली तर आतल्या लेबलाचा जवळून फोटो मागवा. बुइतोनी आणि मार्सच्या वर्षांत नापोलीच्या जर्सी ‘एनआर’ ही इटालियन कंपनी करत असे. लेबलवर वेबसाइटचा पत्ता किंवा क्यूआर कोड असेल तर ती ऐंशीच्या दशकातली नाही, एवढ्यावर विषय संपतो. विक्रेता लेबलचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

बाजारात तीन प्रकारचा माल असतो आणि तिन्हींना सर्रास ‘रेट्रो’ म्हणतात : त्या काळात बनलेली मूळ जर्सी, क्लबच्या परवान्याने आज बनवलेली (स्कोअर ड्रॉ, टॉफ्स, कोपा यांसारख्या कंपन्यांची) आणि फर्स्ट कॉपी, म्हणजे बिनपरवान्याची नक्कल. मधला प्रकार प्रामाणिक आहे, त्यावर बनवणाऱ्याचं लेबल असतं. फसवणूक होते ती तिसरा माल पहिल्याच्या भावात विकताना.

प्रश्न : मँचेस्टर युनायटेडची १९९९ च्या चॅम्पियन्स लीग फायनलची म्हणून कॉलरला झिप आणि छातीवर ‘शार्प’ हे प्रायोजकाचं नाव असलेली जर्सी मिळते आहे. बरोबर आहे का? (एक वाचक, पुणे)

जर्सी त्याच हंगामातली असू शकेल, पण फायनलची नाही. झिपची कॉलर १९९८-२००० च्या देशांतर्गत सामन्यांच्या जर्सीला होती. २२ मे १९९९ ला न्यूकॅसलविरुद्धची एफए कप फायनल युनायटेडने तीत खेळली. चार दिवसांनी बार्सिलोनात चॅम्पियन्स लीग फायनलला जर्मनीच्या बायर्नला हरवलं ते युरोपसाठी ठेवलेल्या वेगळ्या, बिनझिपच्या जर्सीत. कीन १६ किंवा स्कोल्स १८ छापून ‘फायनल जर्सी’ म्हणून विकणारेही भेटतात. हे दोघे त्या रात्री निलंबित होते.

याच क्लबच्या बाबतीत क्रमांकांवरून वर्ष पकडणं सोपं जातं. प्रीमियर लीगमध्ये पाठीवर नावं आणि ठरलेले क्रमांक १९९३-९४ पासून आले, म्हणून १९९२-९३ च्या लीग जर्सीवर कँटोनाचं नाव असेल तर ते मागाहून चिकटवलेलं. बेकहॅम १९९५-९६ मध्ये २४, १९९६-९७ मध्ये १० आणि कँटोना निवृत्त झाल्यावर, १९९७-९८ पासून, ७. विम्बल्डनविरुद्ध अर्ध्या मैदानावरून मारलेला तो गोल ऑगस्ट १९९६ चा, म्हणजे १० क्रमांकाच्या जर्सीतला.

प्रश्न : १९९० च्या दशकातल्या जर्सीवरचं प्रायोजकाचं नाव सुटायला लागलंय, काही ठिकाणी तडे गेलेत. इस्त्री फिरवून चिकटेल का? (एक वाचक, नाशिक)

सुटलं असेल तर बहुधा हो, तडे गेले असतील तर नाही. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कडा सुटतात तेव्हा खालचा गोंद सैल झालेला असतो आणि तो उष्णतेने पुन्हा धरतो. तडे जातात तेव्हा प्लास्टिक मऊ ठेवणारा घटक उडून गेलेला असतो. तो इस्त्रीने परत येत नाही, उलट तुकडे पडतात.

सुटलेल्या कडेसाठी जर्सी कडक, सपाट पृष्ठभागावर पसरा, आत पातळ सुती कापड घाला. छपाईवर बेकिंग पेपर ठेवा, बटर पेपर चालेल. इस्त्री सिंथेटिकच्या खुणेवर, वाफ बंद. आधी एका कोपऱ्यावर करून पाहा. इस्त्री घासायची नाही, ५ ते ८ सेकंद नुसती दाबून उचलायची. कागद पूर्ण गार झाल्यावरच काढा, गरम असताना ओढलात तर अक्षरही सोबत येईल. इस्त्री जास्त तापली तर पॉलिएस्टरवर चकाकणारा डाग पडतो आणि तो कायमचा राहतो. मखमलीसारख्या फ्लॉक छपाईवर जोराने दाबू नका, लव बसते.

तडे गेलेली जर्सी यापुढे मशीनमध्ये घालू नका. गार पाण्यात उलटी करून १० मिनिटं बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी वाळवा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको.

प्रश्न : युव्हेंटसची गुलाबी जर्सी म्हणजे फक्त फॅशन का? (एक वाचक, ठाणे)

नाही, तो क्लबचा मूळ रंग आहे. १८९७ मध्ये तुरीनच्या शाळकरी मुलांनी क्लब काढला आणि ते गुलाबी शर्टात खेळू लागले. धुऊन धुऊन रंग विटला. १९०३ मध्ये क्लबमधल्या जॉन सॅव्हेज या इंग्रजाने नॉटिंगहॅमहून नवे शर्ट मागवले, ते नॉट्स काउंटी या तिथल्या क्लबचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे निघाले. युव्हेंटसने ही ओळख जपली : २०११ मध्ये नवं स्टेडियम उघडताना पाहुणा संघ म्हणून नॉट्स काउंटीलाच बोलावलं. २०१५-१६ ची आदिदासची गुलाबी जर्सी आजही वाजवी अवस्थेत मिळते, संग्रहाला ती चांगली सुरुवात आहे.

प्रश्न : युरोपच्या जर्सी परवडत नाहीत. गोव्याच्या क्लबांच्या जमवण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, मडगाव)

नक्कीच आहे, आणि घाई करा. आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या अव्वल लीगची पहिली सहाही विजेतेपदं गोव्यात आली : धेंपो २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२, चर्चिल ब्रदर्स २००८-०९ आणि २०१२-१३, साळगावकर २०१०-११. यातले धेंपो आणि साळगावकर २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. या जर्सी दुकानांत फारशा आल्याच नाहीत, त्यामुळे त्या खेळाडू, प्रशिक्षक आणि किट सांभाळणाऱ्यांच्या घरातच मिळतील. घेताना हंगाम, क्रमांक आणि शक्य असल्यास सामना देणाऱ्याकडून लिहून घ्या, सही-तारखेसह. त्या हंगामाच्या वर्तमानपत्री छायाचित्राशी प्रायोजक आणि कॉलर ताडून पाहा आणि ते कात्रण जर्सीसोबतच ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात जर्सींना बुरशी आणि कुबट वास येतो. डांबरगोळ्या ठेवू का? (एक वाचक, रत्नागिरी)

नको. डांबरगोळ्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, छपाई चिकट होऊन समोरच्या कापडाला धरते. शिवाय तो वास पॉलिएस्टरमधून लवकर जात नाही. बुरशी पॉलिएस्टर खात नाही, ती घाम, मळ आणि सुती कॉलरवर वाढते. म्हणून मे महिन्यातच जर्सी धुऊन पूर्ण वाळवा. घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच जर्सींमागे ५० ग्रॅम सिलिका जेल ठेवा. छपाईवर घडी येऊ देऊ नका, दोन छपायांमध्ये बटर पेपर घाला. सिलिका जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून, गार करून पुन्हा डब्यात ठेवता येतं. कोकणातल्या जुलैत ते दर तीन आठवड्यांनी तपासा.