ठिपके वाढले, मग अक्षरे बारीक का झाली?

प्रश्न : मी घरी बसून पुस्तकांची प्रुफे तपासते. माझा २४ इंची, १९२० × १०८० रिझॉल्यूशनचा जुना मॉनिटर बंद पडल्यावर मुलाने २७ इंची ‘फोर के’ मॉनिटर आणून दिला. त्यावर अक्षरे इतकी बारीक दिसू लागली की, पुढे वाकून वाचावे लागे. म्हणून मी रिझॉल्यूशन १६०० × ९०० वर आणले. आता अक्षरे मोठी दिसतात, पण पुसट. जास्त रिझॉल्यूशनचा मग उपयोग तरी काय? आणि पडद्यावर पुसट दिसणारा मजकूर छापूनही तसाच येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण धास्ती तिचीच अधिक दिसते. छपाईवर याचा काहीही परिणाम होत नाही. पानातील अक्षरांचे आकार फाइलमध्ये असतात आणि छपाईयंत्र ते तेथूनच घेते. आपला पडदा कोणत्या रिझॉल्यूशनवर आहे, हे त्याला ठाऊकही नसते.

आता मॉनिटरविषयी. रिझॉल्यूशन म्हणजे पडद्यावरील पिक्सेलची, म्हणजे प्रकाशाच्या ठिपक्यांची, आडवी आणि उभी संख्या. आपल्या जुन्या पडद्यावर असे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होते. नव्यावर ३८४० × २१६० म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००, बरोबर चौपट आहेत. पडद्याचे क्षेत्रफळ मात्र जेमतेम सव्वापट वाढले. साहजिकच प्रत्येक ठिपका लहान झाला आणि पूर्वी एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसत, तेथे आता १६३ बसतात. संगणक अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये नव्हे, तर पिक्सेलमध्ये मोजत असल्यामुळे, १६ पिक्सेल उंचीची जी ओळ जुन्या पडद्यावर साधारण ४.४ मिलिमीटर दिसत होती, तीच नव्या पडद्यावर अडीच मिलिमीटरची झाली.

यावर आपण केलेला उपाय एके काळी योग्यच होता. काचेच्या नळीचे जाडजूड मॉनिटर होते, तेव्हा रिझॉल्यूशन कमी केले तरी चित्र बऱ्यापैकी स्वच्छ दिसे, आणि ती सवय अनेकांच्या हाताला अजून आहे. आजच्या सपाट पडद्यात मात्र ठिपके कारखान्यातच कायमचे बसवलेले असतात. आपण १६०० × ९०० निवडता, तेव्हा चित्रातील एक ठिपका पडद्यावर आडवा आणि उभा, दोन्हीकडे २.४ ठिपक्यांवर पसरावा लागतो. अर्धामुर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून शेजारच्या ठिपक्यांना मधल्या करड्या छटा दिल्या जातात. आपल्याला दिसणारा पुसटपणा तो हाच.

तेव्हा रिझॉल्यूशन पुन्हा ३८४० × २१६० करावे आणि त्याला हात लावू नये. विंडोजमध्ये डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी उजवे क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्ज उघडल्यास ‘स्केल’ नावाचा पर्याय दिसेल. आपल्याकडे तो १०० टक्क्यांवर राहिला असावा. तो १५० केल्यास तीच ओळ पावणेचार मिलिमीटरची होईल, २०० केल्यास पाच मिलिमीटरची. आपल्या कामाला मी आधी १५० सुचवेन, कारण २०० टक्क्यांवर पडद्यावर मावणारा मजकूर जुन्या मॉनिटरइतकाच राहतो. काही जुनी सॉफ्टवेअर स्केल वाढवल्यावर स्वतः धूसर दिसतात. तो दोष त्या सॉफ्टवेअरचा असतो.

फरक कळतो तो येथे. १५० टक्क्यांवर ओळीला १६ ऐवजी २४ पिक्सेल मिळतात, आणि देवनागरीला त्यांची गरज रोमन लिपीहून अधिक आहे, कारण तेवढ्याच उंचीत वरची मात्रा, रफार, अनुस्वार, शिरोरेषा, खालचा उकार आणि कधी दोन मजली जोडाक्षरही बसवायचे असते. ‘प्रसिद्ध’ आणि ‘प्रसिध्द’ हे दोन शब्द जुन्या पडद्यावर लहान टंकात शेजारी ठेवून पाहिले, तर ‘द्ध’च्या पोटातील गाठ काळ्या डागासारखी दिसे आणि चूक निसटून जाई. ‘कीर्ती’वरचा रफार वेलांटीच्या वळणात बुडे. प्रुफे तपासणाऱ्याला नव्या मॉनिटरचा लाभ सिनेमा पाहणाऱ्यापेक्षा जास्त आहे, असे माझे मत आहे.

मात्र हा लाभ अमर्याद नाही. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो, असे ढोबळ मानाने धरतात. पडदा ६० सेंटिमीटरवर असेल, तर हे अंतर सुमारे ०.१७ मिलिमीटर भरते. जुन्या मॉनिटरचा ठिपका ०.२८ मिलिमीटरचा होता, म्हणून अक्षराच्या कडेला पायऱ्या दिसत, नव्याचा ०.१६ आहे. याच आकारात याहून जास्त रिझॉल्यूशनसाठी आणखी पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही. तसेच मूळ स्कॅनच कमी तपशिलाचे असेल, तर ते कोणत्याही पडद्यावर सुधारत नाही, उलट त्यातील उणिवा अधिक ठळक होतात.

एक गोष्ट तपासून पाहा. मॉनिटर ज्या खाचेतून संगणकाला जोडतात, ती जुन्या संगणकावर एचडीएमआय १.४ या प्रकारची असेल, तर पूर्ण रिझॉल्यूशनवर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, आणि माउसचा बाण अडखळत सरकल्यासारखा वाटतो. तसे जाणवल्यास संगणकाला डिस्प्लेपोर्ट ही दुसऱ्या प्रकारची खाच आहे का ते पाहावे आणि असल्यास त्याची केबल वापरावी, डिस्प्लेपोर्ट १.२ पासून पुढे हेच चित्र सेकंदाला ६० वेळा मिळते.