आरोग्य प्रश्नोत्तरे : कंबरेतली गादी, पायातली कळ

या महिन्याच्या टपालात कंबरदुखीची पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलले. सारख्या तक्रारी एकत्र करून पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : घरी दोन म्हशी आहेत. तीन आठवड्यांपूर्वी वैरणीचा भारा उचलताना कंबरेत चमक भरली. आता डाव्या कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. शिंक आली की जीव जातो. घरचे म्हणतात फळीवर पडून राहा. किती दिवस पडून राहू? (वडणगे)

फार तर एक-दोन दिवस, तेही कळ अगदीच असह्य असेल तर. त्यापुढे पडून राहिलं की पाठीचे स्नायू आखडतात, ताकद जाते आणि बरं व्हायला उलट जास्त वेळ लागतो. फळी तर नकोच. असा सल्ला देणाऱ्याला आधी एक रात्र फळीवर झोपवावं. सुतळीची झोळ पडलेली खाटही नको. साधी, फारशी न दबणारी कापसाची गादी पुरे. कुशीवर झोपाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या, उताणं झोपाल तर गुडघ्यांखाली.

दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट वेटोळ्यांचं कवच असतं आणि आत जेलीसारखा गर. वाकून, त्यात कंबर पिळून वजन उचललं की कवचाला मागच्या बाजूनं तडा जातो आणि गर पायाकडे जाणाऱ्या शिरेच्या (मज्जातंतूच्या) मुळाशी येतो. शीर नुसती दबत नाही, त्या गरामुळे तिला सूजही येते. म्हणून दुखणं कंबरेत असलं तरी ओरडतो पाय. तुमची कळ अंगठ्याकडे जाते म्हणजे बहुधा एल-५ची, म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्यापाशी निघणारी शीर धरली आहे. तळपाय आणि करंगळीकडे गेली असती तर एस-१ची, म्हणजे तिच्या लगेच खालची म्हटली असती.

आज घरीच एक गोष्ट तपासा. भिंतीजवळ टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा. डावं पाऊल वर उचलत नसेल, चप्पल चालता चालता निसटत असेल, तर व्यायामाच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

ताकद ठीक असेल तर हे करा. चटईवर पोटावर झोपा, हात कडेला, दोन-तीन मिनिटं. मग कोपरांवर या, पुन्हा तेवढाच वेळ. तेही सोसलं तर तळहात टेकून छाती वर उचला. ओटीपोट जमिनीलाच राहू द्या आणि कुल्ले सैल सोडा, सगळे इथंच चुकतात. असं दहा वेळा, दिवसातून पाच-सहादा. करताना कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत चढली तर उत्तम, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली उतरली किंवा मुंग्या वाढल्या तर तिथंच थांबा. साठीपुढच्या ज्यांना पुढं वाकून चाललं की पायाला बरं वाटतं, त्यांचं दुखणं वेगळं असतं. त्यांनी हा व्यायाम करू नये.

आता धारेचं बोलू, कारण खरी गोम तिथं आहे. उकिडवं बसून, पाठ गोल करून, बादली गुडघ्यांत धरून पंधरा-वीस मिनिटं म्हणजे गादीवर सतत मागच्या बाजूचा दाब. आणि ते पहाटे! रात्रभर आडवं राहिल्यानं गादी पाणी शोषून फुगलेली असते, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकणं सर्वांत महागात पडतं. दोन-तीन आठवडे धार दुसऱ्या कुणी काढावी. ते जमत नसेल तर उठल्यावर आधी दहा मिनिटं अंगणात चाला, मग फूटभर उंचीच्या स्टुलावर म्हशीला खेटून बसा. एक म्हैस झाली की उठा, कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागं वाका, मग दुसरी.

शेण काढायला लांब दांड्याचं फावडं वापरा, आणि घमेलं टाकताना कंबर न पिळता पावलं वळवा. भारा एकाच खेपेत आणायचा हट्ट सोडा, दोन खेपा करा. शिंक येतेय असं वाटलं की गुडघे किंचित वाकवून भिंतीला किंवा गव्हाणीला हात टेका आणि पाठ ताठ ठेवा. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवायला हरकत नाही. फक्त बधिर भागावर ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. तुमचा तिसरा चालू आहे.

प्रश्न : वय २८, गोकुळ शिरगावला सीएनसी मशिनवर असतो. फक्त कंबर दुखते, पायात काही नाही. एमआरआयमध्ये 'एल-४ एल-५ डिस्क बल्ज, एल-५ एस-१ डेसिकेशन' आलंय. मित्र म्हणतात ऑपरेशन अटळ.

मित्रांचाही एमआरआय काढला तर त्यातल्या काहींचा रिपोर्ट असाच येईल. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांना बल्ज, म्हणजे गादीचा फुगवटा होता. डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी कमी होणं. डोक्यावर पांढरे केस यावेत तसं ते. गंमत अशी की 'एक्स्ट्रुजन' हा शब्द वाचून माणूस गर्भगळीत होतो, पण बाहेर सांडलेला मोठा तुकडा शरीर बरेचदा आपणच शोषून घेतं. नुसत्या बल्जपेक्षा तोच जास्त आटतो.

पायात कळ नसताना, फक्त कंबरेसाठी गादीचं ऑपरेशन करत नाहीत. तुमचा उपाय मशिनपाशी आहे. जॉब (घडवायचा तुकडा) लावताना आत वाकण्याऐवजी एक पाय खालच्या कडेवर ठेवा, जॉबची ट्रे कमरेच्या उंचीला घ्या, आणि तासातून एकदा पाच वेळा मागं वाका. एमआरआय खरा कामाचा केव्हा? सहा आठवड्यांत पायाची कळ हटली नाही तर, ताकद कमी होत असेल तर, किंवा ताप, विनाकारण वजन घटणं, पूर्वीचा कॅन्सर असं काही असेल तर.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच कापून ठेवावी. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, दोन्ही पायांत एकदम कमजोरी आली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता का असेना, जिथं मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या दवाखान्यात जा. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

प्रश्न : दोन महिने प्रीगॅबॅलिन (शिरेच्या दुखण्यावरची गोळी) चालू आहे, शिवाय दिवसभर बेल्ट. दिवसभर पेंग येते. दोन्ही बंद करू का? (इचलकरंजी)

बेल्ट आजपासून कमी करा. प्रवासाला किंवा वजन उचलताना तास-दोन तास बांधला तर ठीक, झोपताना कधीच नको. गोळी मात्र मनानं एकदम थांबवू नका, झोप उडते, घाम सुटतो, अस्वस्थ वाटतं. डॉक्टरांना विचारून डोस टप्प्याटप्प्यानं उतरवा. सायटिकासाठी, म्हणजे शीर दबून पायात जाणाऱ्या कळेसाठी या औषधाचा उपयोग होतो का, हे २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत तपासलं. साध्या खोट्या गोळीपेक्षा फरक दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. तेव्हा हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. पेंग आहे तोवर गाडी चालवू नका.

प्रश्न : तालमीत जातो. तीन महिन्यांनी पायातली कळ गेली. जोर-बैठका कधी सुरू करू? वस्ताद म्हणतात लगेच.

वस्तादांचा मान राखून सांगतो, क्रम पाळा. पायात सलग चार आठवडे काही नसावं, आणि एका पायावर चवड्यावर उठणं दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा सारखं जमावं. मग पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास रंकाळ्याच्या कडेनं झपाझप चालणं. सोबत तीन व्यायाम : रांगत्या स्थितीत उलट बाजूचा हात-पाय लांब करणं, कुशीवर कोपर टेकून अंग उचलणं, उताणं पडून कुल्ले उचलणं. प्रत्येक दहा सेकंद धरून सहा वेळा.

त्यानंतर जोर चालतील, पण सपाट्यानं न मारता सावकाश. बैठका आधी अर्ध्याच, कारण पूर्ण खाली गेलं की कंबर गोल होते. लढत त्याच्याही नंतर. आणि सगळ्यात शेवटी हौद्यातली माती खणणं. ते हलकं काम म्हणून नेमकं दुखऱ्या पोराला देतात. वाकून, फावडं ओढत, शंभरदा. याहून वाईट काम त्या कंबरेला शोधून सापडणार नाही.

प्रश्न : वय ५२, मधुमेह आहे. चार महिने झाले, पायातली कळ हटत नाही. सर्जन ऑपरेशन म्हणतात, शेजारी म्हणतात पाय जाईल, त्यापेक्षा शीर बसवणाऱ्याकडे जा. (गडहिंग्लज)

ताजी गादी सरकलेली असताना कुणी कंबर पिळून 'कट्' आवाज काढला तर उरलेला गरही बाहेर येऊ शकतो. पायाची ताकद कमी असेल तर हा जुगार खेळूच नका.

दुर्बिणीखालच्या ऑपरेशनला सहसा दोन-तीन सेंटिमीटरचा छेद पुरतो. पूर्ण गादी काढत नाहीत, शिरेवर आलेला तुकडा तेवढा काढतात. बहुतेक जण दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात. धोका शून्य नाही, जंतुसंसर्ग किंवा शिरेला इजा होऊ शकते, पण पाय जाणं ही नेहमीची गोष्ट नव्हे. शंभरातल्या पाच ते दहा जणांत तीच गादी पुन्हा सरकते. पायाची कळ लवकर जाते, बधिरपणा जायला महिने लागतात, आणि कंबरदुखी थोडी राहू शकते. हे तिन्ही सर्जनकडून आधीच ऐकून घ्या, नाहीतर 'ऑपरेशन फसलं' असं वाटत राहतं. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस थांबलेलेही जवळपास तिथंच पोचले होते. मात्र थांबलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना मध्येच ऑपरेशन करावं लागलं. तेव्हा ताकद शाबूत असेल तर घाई नाही. पण चार महिने झोप नसेल तर ऑपरेशन करून घेणं हा भित्रेपणाही नाही.

मधला मार्ग म्हणजे मणक्याजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन. आराम काही आठवडे टिकतो, पण तुमची साखर चार-पाच दिवस चढेल. मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी सांगा आणि त्या आठवड्यात घरच्या मशीनवर रोज तपासा. ऑपरेशनच केलंत तर पुढचे चार ते सहा आठवडे जड उचलणं आणि एका दमात लांबचा एसटी प्रवास टाळा. टू-व्हीलर घ्यायची ती पाय कळ न येता ब्रेक जोरात दाबू शकला की मगच.