मॉडेल शिकवायला जाताना

डॉक्टर, साथीचं मॉडेल, म्हणजे रोग कसा पसरेल याचा गणिती अंदाज, शिकवायला तुम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदाच उभे राहताय, म्हणून लिहितो. पहिल्या तासाला समीकरण फळ्यावर आणू नका. आधी विचारा, "येत्या पंधरवड्यात तुम्हाला कोणता निर्णय घ्यायचाय?" नाशिक जिल्ह्यातल्याच सुरगाणा तालुक्याचं उत्तर निफाडपेक्षा वेगळं येतं आणि मॉडेलचं काम तिथूनच सुरू होतं.

गोवर घ्या. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एका रुग्णापासून 12 ते 18 जणांना लागण होते. 15 धरा. एका रुग्णापासून एकापेक्षा जास्त जणांना लागण होऊ नये, तर 15 पैकी 14 जण सुरक्षित हवेत, साधारण 93 टक्के. हा हिशोब त्यांना स्वतःच्या हाताने कागदावर करू द्या. मग शेजारी आपापल्या गावाचं दुसऱ्या डोसचं लसीकरण लिहायला सांगा. गावाचंच, तालुक्याची सरासरी नको; द्राक्षबागेत मजुरीला आलेल्या कुटुंबांची मुलं सरासरीत दिसतच नाहीत. त्या क्षणी हॉलमध्ये जी शांतता पसरते, तिच्यात बोलू नका.

डेंग्यूच्या आलेखाबाबत मात्र सावध राहा. शेवटच्या आठवड्यात रेघ खाली झुकलेली दिसते, कारण बरेच अहवाल अजून यायचे असतात. ती उतरण खरी मानून एकदा आम्ही घरोघरी पाण्याची भांडी तपासणं आवरतं घेतलं. पुढच्या दहा दिवसांत वॉर्ड भरला. मला ते अजून सलतं.

आणि अंदाज म्हणून एकच आकडा कधी देऊ नका. "200 ते 600 रुग्ण" म्हटलं की लोक वैतागतात, पण किती खाटा राखून ठेवायच्या हे त्या 600 वरूनच ठरतं. सिंहस्थाच्या तयारीच्या बैठकीत हाच प्रश्न या अधिकाऱ्यांपुढे येणार आहे.