गेंटला पोचलीस की आधी घंटाघराकडे बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

शिकायला बेल्जियममधल्या गेंटला निघालीस, म्हणजे पहिल्या रविवारी तू किल्ल्यावर जाणार. मीही तेच केलं. ग्राव्हेनस्टीनमधली छळाची हत्यारं बघत सकाळ घालवली, आणि किल्ला तिथे का आहे, हे विचारलंच नाही. इथल्या फ्लँडर्स प्रांताच्या काउंट (सरदार) फिलिपने ११८० मध्ये तो बांधला, तो गावातल्या गबर व्यापाऱ्यांना वचक बसावा म्हणून. इंग्लंडची लोकर आणून कापड विणणारं हे गाव, कुणाला जुमानत नव्हतं. पुढे किल्ल्यात सूतगिरणी चालली. १९४९ मध्ये बिअर महागली म्हणून विद्यार्थ्यांनी तो ताब्यात घेतला. (तू हे करू नकोस.)

गावाचं उत्तर म्हणजे ९१ मीटर उंच घंटाघर. गावाच्या सनदा तिथे कुलूपबंद असत. तिथून खाली ग्रासलाइच्या धक्क्यावर ये. इथून जाणाऱ्या गलबतांना धान्याचा चौथा हिस्सा इथे उतरवून विकायला काढावा लागे. आपल्याला चौथाई आठवते, पण ही खंडणी नव्हे, सक्तीचा बाजार. १६८२ चं चिंचोळं जकातघर शेजारच्या घरांमध्ये दबून उभं आहे, ते चुकवू नकोस.

सेंट बाव्हो कॅथेड्रलमधलं व्हॅन आयक बंधूंचं १४३२ चं वेदीचित्र घाईत बघू नकोस. खाली डावीकडचं ‘न्यायी न्यायाधीश’ हे फलक नक्कल आहे. मूळ १९३४ मध्ये चोरीला गेलं, ते आजही सापडलेलं नाही.

पण गेंट मला कळलं ते दोरखंडामुळे. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पाचवा चार्ल्स इथेच जन्मला, १५०० मध्ये. त्याच्या लढायांसाठी कर द्यायला त्याच्याच गावाने नकार दिला. १५४० मध्ये तो फौज घेऊन आला, गावाचे हक्क काढून घेतले आणि प्रतिष्ठितांना अनवाणी, काहींना गळ्यात फास घालून, माफी मागायला लावली. आपण असा अपमान पुढच्या पिढ्यांपासून लपवला असता. गेंटकर मात्र आजही स्वतःला ‘स्ट्रोपेनद्रागर्स’, म्हणजे फास वागवणारे, म्हणवतात आणि जुलैच्या जत्रेत गळ्यात दोर घालून मिरवणूक काढतात.

चार्ल्सच्या जन्मवाड्याचा एक दरवाजाच उरलाय. त्या प्रिन्सेनहोफ भागात फास घातलेल्या माणसाचा पुतळा आहे. संध्याकाळी जा, गर्दी नसते.

तुझा,
काका