हिरोईन शेवटी बारीक झालीच पाहिजे का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी परभणीची, शाळेत शिकवते. दिवाळी अंकासाठी कथा लिहायलेय, नायिका जाड आहे, माझ्यासारखीच. मैत्रिणींना वाचून दाखवली तर सगळ्या म्हणल्या, शेवटी ती बारीक झाली पाहिजे नाहीतर कथा निगेटिव्ह वाटते. मी स्वतः मागं चांगलं वजन उतरवलं होतं, ते परत चढलं, वरून जास्तीच. मग खोटं लिहू का?

उत्तर : अजिबात नका लिहू. पिक्चरमधे वजन गाण्यात उतरतं, कडव्याला हिरोईन धापा टाकते आणि पुढच्या कडव्याला जीन्स ढिली. आणि गोष्ट थांबते पण तिथंच. पुढच्या संक्रांतीला काय झालं ते कुणी दाखवत नाही, खरं काम तर तिथून सुरू होतं ना.

अमेरिकेत 'द बिगेस्ट लूजर' नावाचा रिअॅलिटी शो होता, त्यात लोक टीव्हीवर पन्नास-पन्नास किलो उतरवायचे. त्यातल्या १४ जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी परत तपासलं, ते २०१६ ला छापून आलं. एक सोडून सगळ्यांचं वजन परत वाढलेलं, चार जण तर आधीपेक्षा जाड झालेले. वरून त्यांचं शरीर नुसतं बसल्या जागी जेवढं जाळायला पाहिजे त्यापेक्षा रोज ५०० च्या आसपास कॅलरी कमी जाळत होतं, सहा वर्षांनी सुद्धा! म्हणजे दुष्काळ पडलाय समजून शरीर हात आखडतं, आणि भूक काही कमी होत नाही. तेव्हा तुमचं परत चढलं ते आळसानं, असं जे कुणी म्हणत असेल त्याला हे वाचायला द्या.

बारीक न होता पण गोष्ट पूर्ण होते. 'दम लगा के हईशा' (२०१५) मधली संध्या शेवटपर्यंत तशीच राहते, नवरा तिला पाठीवर घेऊन पळतो, आणि कुणाला ते निगेटिव्ह वाटलं नाही. गंमत म्हणजे नंतर बातम्या सगळ्या भूमी पेडणेकर बारीक कशी झाली त्याच्याच, संध्या गेली बाजूला.

तुमच्या नायिकेचं वजन किती ते लिहू नका. ती लग्नाच्या मांडवात बसायच्या आधी प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय हळूच दाबून बघते, जमलं तर दोन खुर्च्या एकात एक घालते, टेलरला दरवेळी "माया जरा जास्त ठेवा भाऊ" म्हणते, आणि पंगतीत मावशी सगळ्यांसमोर "अगं किती सुटलीस" म्हणून वर तिसरी जिलबी वाढते... हे लिहा. त्या मावशीला जास्त जागा द्या, ती आपल्याकडं घरोघरी आहे.

प्रश्न : वय ४८, जालना. शुगरची गोळी चालू आहे. दीक्षित डाएट करू का? आणि बायको म्हणते पोळी सोडून ज्वारीची भाकरी खा, पोट उतरतं. खरंय का?

उत्तर : दादा, डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं असं की दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवायचं आणि ५५ मिनिटांत उरकायचं. आपल्याकडं लई जणांनी केलं, काहींना फरक पण पडला. पण शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की वर उपाशी राहिलं की साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, चक्कर येते. म्हणून आधी डॉक्टरांकडून गोळी आणि डोस बदलायचा का ते विचारा, मगच सुरू करा. शेजाऱ्यानं केलं म्हणून करू नका.

भाकरीचं म्हणाल तर १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, गव्हात पण जवळपास तेवढ्याच. भाकरी चावून खावी लागते, पोट लवकर भरतं, हा फायदा खरा. पण आपल्याकडची ताटाएवढी भाकरी, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि चटणीवर तेलाची धार, अशा दोन हाणल्या तर ज्वारी बिचारी काय करणार. काट्यावर रोज चढण्यापेक्षा बेंबीपाशी टेप लावा, पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत पाहिजे. (वहिनींची ८०. हे तुम्हीच सांगा, माझं नाव नका घेऊ.)

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे, गुटगुटीत आहे. गॅदरिंगला दरवर्षी त्याला जाड्या शेटजीचाच पार्ट देतात, लोक हसतात, तो घरी येऊन जेवत नाही. उपास धरायला लावू का? (एक आई, नांदेड)

उत्तर : उपास नको, वाढतं लेकरू आहे. उंची वाढतेय तोवर आहे ते वजन टिकलं तरी पुष्कळ. डब्यातले कुरकुऱ्याचे पुडे बंद, संध्याकाळी तासभर ग्राउंडवर सोडा, आणि एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. बाईंना मात्र जाऊन भेटा आणि यंदा त्याला पाठांतराचा मोठा पार्ट मागा, सरळ सांगा की शेटजी करणार नाही. त्या म्हणतील "अहो पण तो त्यातच शोभतो". तेव्हा गप बसू नका.