वठलेलं, निष्पर्ण की बोडकं? पार्क सू-गुन यांच्या झाडाला काय म्हणावं

प्रश्न असा आहे : कोरियन चित्रकार पार्क सू-गुन (१९१४–१९६५) यांच्या ‘झाड आणि दोन स्त्रिया’ (१९६२) या चित्राचा मराठीत परिचय लिहायचा आहे. एका मसुद्यात ‘वठलेल्या वृक्षापाशी दोन स्त्रिया’ असं आलंय, दुसऱ्यात ‘निष्पर्ण वृक्ष’. दोन्ही चालतील का, की अर्थात फरक पडतो?

फरक पडतो, आणि या चित्रापुरतं तर ‘वठलेलं’ चक्क चूक आहे.

वठणं म्हणजे झाडाचा जीव जाणं. साल सुटायला लागते, नखाने खरवडलं तर आत हिरवा पापुद्रा दिसत नाही, डहाळी वाकवली तर न वाकता कटकन मोडते. म्हणूनच ‘वठलेल्या झाडाला पालवी फुटली’ असं म्हटलं की काहीतरी अघटित घडल्याचा अर्थ निघतो. पानं झडलेल्या झाडाला पालवी फुटली, तर त्यात नवल कसलं? ती फुटायचीच असते. वाक्याची घडणही हेच सांगते. ‘वठलेलं झाड’ म्हणताना जे झालं ते झाडाचं झालं. ‘पानं झडलेलं झाड’ म्हणताना गेली ती पानं, झाड शाबूत.

कोरियनमध्ये या दोन अवस्थांना दोन वेगळे शब्द आहेत. ‘नामोक’ म्हणजे पानं उतरलेलं, उघडं झाड. यातला ‘ना’ उघडेपणाचा, ‘मोक’ झाडाचा. ‘गोमोक’ म्हणजे वठलेलं झाड. पण इथे एक मेख आहे. ‘गोमोक’ याच उच्चाराचा दुसराही शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘जुनं, पुराणं झाड’. हांगुल लिपीत दोन्ही अगदी सारखेच लिहितात. मूळ चिनी अक्षरं पाहिली तरच फरक कळतो. पार्क यांच्या काही चित्रांच्या नावांतही ‘गोमोक’ येतं. तिथे डोळे मिटून ‘वठलेलं’ लिहू नये, आधी अक्षरं तपासावीत.

या चित्राच्या बाबतीत हा भेद किती महत्त्वाचा आहे, याचा भक्कम दाखला कोरियन साहित्यातच मिळतो. लेखिका पार्क वान-सो कोरियन युद्धाच्या काळात सेऊलमध्ये अमेरिकी सैन्याच्या भांडारात नोकरीला होत्या. पार्क सू-गुन तिथेच सैनिकांची व्यक्तिचित्रं काढून पोट भरत होते. त्या ओळखीतून सुचलेली पार्क वान-सो यांची पहिली कादंबरी १९७० साली आली आणि तिचं नावच ‘नामोक’. तिच्यातल्या निवेदिकेला युद्धाच्या धामधुमीत चित्रकाराच्या घरी झाडाचं एक चित्र दिसतं आणि ते तिला वठलेलं, गोमोक वाटतं. पुढे बऱ्याच वर्षांनी, चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या प्रदर्शनात तेच चित्र पाहताना तिला उमगतं की ते नामोक आहे. म्हणजे मसुद्यातला ‘वठलेला’ हा शब्द म्हणजे त्या निवेदिकेचा पहिला समज, जो पुढे कादंबरीच खोडून काढते. सेऊलच्या दकसुगुंग राजवाड्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात २०२१-२२ मध्ये पार्क सू-गुन यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्याच्या नावाचा अर्थही ‘वसंताची वाट पाहणारं नामोक’ असाच होता.

आता खुद्द चित्राकडे. मधोमध एकच मोठं झाड, पान एकही नाही. एका बाजूला पाठीशी मूल बांधलेली बाई थांबलेली, दुसऱ्या बाजूला डोक्यावर ओझं घेतलेली बाई चाललेली. रंग राखाडी, मातकट, फिकट तपकिरी. पार्क तैलरंगाचा थर देत, तो वाळू देत, त्यावर पुन्हा थर, असं करत पृष्ठभाग ग्रॅनाइटसारखा खरबरीत करत आणि आकृत्या गडद, ठाशीव रेषांनी बांधत. जुन्या दगडी मूर्तींची आणि मनोऱ्यांची त्यांना ओढ होती. घोटाळा नेमका इथे होतो. छापील किंवा मोबाइलवरच्या लहान प्रतीत हा खरबरीतपणा तडकलेल्या सालीसारखा दिसतो आणि लिहिणाऱ्याच्या हातून ‘शुष्क’, ‘वठलेलं’ असे शब्द उतरतात. पण तोच पोत बायकांच्या अंगावर आहे, मागच्या मोकळ्या जागेतही आहे. तो चित्रकाराच्या हाताचा आहे, झाडाच्या प्रकृतीचा नाही.

मग शब्द कोणता? ‘निष्पर्ण’ बिनचूक आहे, पण थंड आहे. पान नाही एवढंच तो सांगतो, का नाही आणि पुढे काय ते सांगत नाही. औपचारिक टिपणात चालेल. ‘नग्न वृक्ष’ हा ‘नामोक’चा शब्दशः अनुवाद झाला, तरी मराठी कानाला तो ओढूनताणून आणल्यासारखा लागतो. ‘नागवं’ तर नकोच. त्यात कुणीतरी नागवल्याचा, लुबाडल्याचा अर्थ डोकावतो. ‘भुंडं’ आणि ‘थोटं’ म्हटलं की फांद्या छाटलेलं झाड डोळ्यांपुढे येतं. ‘झाडाचा खराटा झालाय’ हे बोलण्यात झकास, पण त्याला कुचेष्टेचा वास आहे.

‘बोडकं झाड’ मात्र जपून. डोंगर बोडका म्हणताना काही बिघडत नाही, पण झाडाशेजारी बाई उभी केली की ‘बोडकी’ या जुन्या, बोचऱ्या शब्दाची सावली पडलीच. युद्धानंतरच्या कोरियात कर्ते पुरुष गमावलेल्या कितीतरी बायका डोक्यावर माल घेऊन विकत फिरत होत्या, हे खरं. तरीही चित्रातल्या दोघींना विधवा ठरवायला चित्रात काहीच आधार नाही. एका विशेषणाने तो अर्थ चिकटवू नये.

माझं मत ‘पानं झडलेलं झाड’ला. तीन शब्द लागतात, पण झडण्यात ऋतू आहे आणि ऋतूत परतीची खात्री. लालित्य हवं असेल तर ‘शिशिरातलं झाड’ही शोभेल, फक्त एक काळजी घ्यावी. आपल्याकडची पानगळ मुख्यतः कोरडेपणाची असते. पळस, पांगारा, काटेसावर ऐन उन्हात पानं टाकून लाल फुलांनी पेटतात, त्यामुळे पानं नसलेलं झाड म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात ऊन आणि रखरख येते. कोरियात पानं थंडीमुळे जातात आणि झाडं महिनोन्महिने तशीच उभी असतात. परिचयात ‘कडाक्याच्या हिवाळ्यातलं’ एवढं जोडलं की काम झालं.

थोडं प्रतीकाबद्दल, कारण भाववाचक विशेषणं त्यावरच ठरतात. कोरियन परंपरेत हिवाळ्यातल्या निष्ठेचं झाड म्हणजे पाइन, कारण ते हिरवं राहतं. किम जोंग-हुई यांचं १८४४चं ‘सेहान्दो’ हे चित्र त्याचा नामवंत नमुना. पार्क यांचं झाड हिरवं राहत नाही. ते सगळं गमावतं आणि तरी उभं असतं. म्हणून ‘अढळ’, ‘ताठ’ ही पाइनची विशेषणं इथे उसनी वाटतात. ‘भकास’ आणि ‘उजाड’ही नकोत, उजाड जागेत माणसाची वर्दळ नसते, आणि इथे दोघी आपापल्या कामात आहेत. ‘उदास’ निम्मं खरं आहे. मला ‘सोशीक’ सर्वांत जवळचा वाटतो. तो आपण माणसांसाठी वापरतो, विशेषतः बायकांसाठी, आणि या चित्रात झाड व बायका एकाच जातकुळीच्या आहेत. मात्र तो एकदाच वापरावा. दर परिच्छेदात सोशीकपणा आला की कौतुकाची कीव होते.

राहता राहिलं शीर्षक. मूळ नाव ‘नामुवा तू योइन’. यातलं ‘नामू’ हे रोजच्या बोलण्यातलं झाड, त्यामुळे ‘वृक्ष’ची गरज नाही. ‘योइन’ हा ‘बाई’पेक्षा किंचित वरच्या पट्टीतला, लिहिण्यातला शब्द, म्हणून ‘स्त्रिया’ योग्य. शीर्षकात ‘बायका’ केलंत तर ‘झाड आणि दोन बायका’ वाचून कुणीतरी नवऱ्याची चौकशी करेल. आणि मूळ नावात पानांचा उल्लेखच नाही, तेव्हा निष्पर्ण, वठलेलं, झडलेलं, यातलं काहीही शीर्षकात घालू नका. ते खालच्या मजकुरात.