आजीचं नाव आणि आजोबांची ट्रंक

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. १९६० ला भरती झाले, १९७६ ला पेन्शनवर घरी आले आणि मागच्या भाद्रपदात वयाच्या ८२ व्या वर्षी गेले. आजी ७६ वर्षांची आहे. तिची पेन्शन अजून सुरू झालेली नाही, कारण फौजेच्या कागदावर तिचं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. विधवा आत्या आजीजवळच राहते. दुसरं असं, की आजोबांच्या ट्रंकेत बिस्किटांच्या डब्यात पाच पदकं आहेत, डिस्चार्ज बुक आहे आणि निळ्या आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा आहे. पत्रं गावातल्या मास्तरांच्या अक्षरातली आहेत, पत्ता '१ मराठा, ९९ एपीओ' असा. एकावर डिसेंबर १९७१ चा शिक्का आहे. आजोबा घरी लढाईविषयी काहीच बोलले नाहीत. बाबांनाही काही माहीत नाही. वर्षश्राद्धापर्यंत त्यांच्या आयुष्याविषयी लिहून काढायचं आहे. सुरुवात कुठून करू?
— एक नात, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ताई, आधी पेन्शनचं बघू, ते थांबून चालणार नाही.

माझी २८ वर्षांची नोकरी फौजेत क्लार्क म्हणून झाली, त्यातली बरीच जवानांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात. माहेरचं नाव आणि सासरचं नाव यात अडकलेल्या म्हाताऱ्या बायका मी इतक्या पाहिल्या आहेत, की तुमचं पत्र अर्धं वाचूनच पुढचं कळलं. हे कसं होतं ते सांगतो. लग्न करून जवान सुट्टीवरून परतला, की बायकोचं नाव कागदावर चढवायला क्लार्कपुढे उभा राहायचा. "नाव काय?" विचारलं की मान खाली. आपल्याकडे बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. त्यात ती मामाची मुलगी असली, तर लहानपणापासून कानावर असलेलं नावच त्याच्या तोंडून यायचं. क्लार्क ते लिहून घ्यायचा, त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेची अधिकृत नोंद, निघायची, आणि पन्नास वर्षांनी त्या एका शब्दावर बाईची पेन्शन अडायची. चूक कुणाचीच नाही, म्हणून आजींना कुणी दोष देऊ नका. "मीच काहीतरी चुकीचं सांगितलं असेल," असं या बायका म्हणत राहतात, ते ऐकवत नाही.

उपाय आहे. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं आजींचं शपथपत्र करा. सोबत दोन्ही नावं जोडणारा जो पुरावा मिळेल तो लावा. आजोबांचा मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आजींचं बँक पासबुक घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून प्रकरण बेळगावला मराठा रेकॉर्ड्सकडे जाईल. नाव दुरुस्त झाल्यावर पेन्शनचं काम प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत होतं. कुटुंब निवृत्तिवेतन आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात. उशीर झाला म्हणून मधले महिने बुडत नाहीत, थकबाकी मिळते. आजींना हे आजच सांगा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आजोबा गेल्यावरही एखाद-दोन महिने त्यांची पेन्शन खात्यात आली असेल, तर तिला हात लावू नका. ती परत घेतली जाते. आमच्या शेजारच्या वहिनींनी ते पैसे तेराव्याला खर्च केले. पुढे वसुली लागली तेव्हा त्या महिनाभर नीट जेवल्या नाहीत.

आत्यांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आजींच्या नंतर, स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसलेल्या विधवा मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. अट अशी, की तिचं वैधव्य आई-वडिलांपैकी कुणी हयात असतानाच आलेलं असावं. म्हणून आजी आहेत तोवर, त्यांच्याच सहीने किंवा अंगठ्याने, आत्यांचं नाव आणि त्यांच्या यजमानांच्या मृत्यूचा दाखला रेकॉर्डला पोचवा. आजींच्या माघारी हेच काम करायला फार धावपळ होते.

आता ट्रंकेकडे वळू.

पदकं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. गोल पदकाच्या काठावर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. पदक खिडकीशी तिरपं धरलं की वाचता येतं, घासलं की हळूहळू जातं. पाचही पदकांवर तोच नंबर आहे ना, एवढं ताडून बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मला दिसतात ती अशी : सैन्य सेवा पदक, रक्षा पदक १९६५, 'पूर्वी स्टार', संग्राम पदक आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं १९७२ चं पदक. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर एक आडवी पट्टी आहे, तिच्यावर बहुधा 'हिमालय' आहे. भिंग लावून खात्री करा. तसं असेल तर आजोबांनी हिमालयात दिवस काढलेत.

इथे मला थोडं कडक बोलावं लागेल. रक्षा पदकावरून "आजोबा पासष्टची लढाई लढले" असं लिहू नका. ते पदक त्या वेळी फौजेत असलेल्या पुष्कळ जणांना मिळालं. प्रत्यक्ष लढाईतल्यांसाठी समर सेवा स्टार होता, आणि तो तुमच्या डब्यात नाही. पूर्वी स्टारचं तसं नाही. तो १९७१ च्या पूर्वेकडच्या आघाडीचा आहे, आणि पत्रांवरच्या पत्त्याशी जुळतो.

१ मराठा म्हणजे आमची जंगी पलटण, १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन बसली आणि शत्रूची ढाक्याकडे जायची वाट तिने अडवली. शरण या, असं पत्र आपल्या ब्रिगेडियरनी पाठवलं, तर पाकिस्तानी कमांडरने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निघालेला शत्रू मराठ्यांच्या मोर्चांवर आदळला. सकाळी जमालपूर पडलं. पुढे १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. त्या रात्री तुमचे आजोबा मोर्चात होते, मागे रसदीवर होते की आणखी कुठे, हे पदक सांगत नाही. आजींच्या सहीने रेकॉर्ड्सला अर्ज करा, नंबर आणि भरतीची तारीख डिस्चार्ज बुकातून घालून. उत्तर येईपर्यंत "पलटण जमालपूरला होती" एवढंच लिहा. माणूस मोठा करण्याच्या नादात आपण त्याच्या वाट्याला न आलेली लढाई त्याच्या नावावर लावतो. मग त्याने खरोखर काढलेले दिवस मागे पडतात.

पण ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडकलो. "पत्रं मास्तरांच्या अक्षरातली आहेत." पलटणीच्या पत्त्यावर गेलेली पत्रं ट्रंकेत आहेत, म्हणजे ती आजोबांनी लिहिलेली नाहीत. ती त्यांना आलेली आहेत. आजींनी सांगितली, मास्तरांनी लिहिली, आणि आजोबांनी पाठीवरच्या पिशवीतून किती तरी ठिकाणी नेऊन परत आणली. पलटणीत सामान हलवायची वेळ आली की जवान आधी कागद टाकून द्यायचा. तुमच्या आजोबांनी टाकले नाहीत.

तुम्ही आजोबांची माहिती बेळगावच्या फायलीत शोधताय. ती बघाच. पण डिसेंबर एकाहत्तरला घरी बावीस वर्षांची बाई रेडिओ कुणाकडे लागलाय ते बघत होती, आणि लगेच पुढे बहात्तरचा दुष्काळ आला. आजींना सन विचारू नका, सांगता येणार नाही. असं विचारा : दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होतात का? तेव्हा बाबा केवढे होते? मनिऑर्डर कुणाच्या हातात पडायची, तुमच्या की सासऱ्यांच्या? लढाई संपल्यावर ते पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा दारात कोण होतं? या उत्तरांच्या शेजारी डिस्चार्ज बुकातल्या तारखा मांडत गेलात, की वर्षं आपोआप जुळतील. वहीत डावं पान आजोबांचं ठेवा, उजवं आजींचं.

आणि दुपारी घर शांत असेल तेव्हा ती पत्रं आजींना मोठ्याने वाचून दाखवा. एका बैठकीत एकच. "इकडील सर्व क्षेम" आणि "गाय व्याली" यापलीकडे त्यात फारसं नसेल. समोर मास्तर बसलेले, बाजूला सासरे, त्यांच्यादेखत नवऱ्याला काय सांगणार? म्हणून वाचून झालं की जरा थांबा, आणि मास्तर नसते तर पुढे काय लिहायला सांगितलं असतं, ते आजींना विचारा.